डोंबिवलीची सतरा अंकी संख्या आणि बँकेचं कुलूप

सकाळची फास्ट, लेडीज डबा, मुंब्रा नुकतंच मागे पडलेलं. गर्दीतून एक मोबाईल माझ्या नाकासमोर आला. मोबाईलवाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता फोर्टात नोकरी करते. "बाई, हे खरंय का हो?"

पडद्यावर सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला फॉरवर्ड होता:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

खाली लिहिलं होतं की हा गणितातला चमत्कार आहे, दहा जणांना पाठवा. गुणाकार अगदी बरोबर आहे. चमत्कार म्हणावं असं त्यात काही नाही, पण चमत्काराहून जास्त लक्ष द्यावं असं पुष्कळ आहे. आणि आम्ही दोघी जिथून गाडीत चढलो, त्या स्टेशनचं नाव या संख्येच्या नावात आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यात शाळेत शिकले, पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. संख्यांशी खेळणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. एका विशिष्ट घडणीच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचं (आजची मध्य रेल्वे), मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, आजचं डोंबिवली. ही कल्पना त्यांना तिथे सुचली. त्यांतल्या सर्वांत देखण्या संख्यांना ते 'वंडरफुल डेम्लो' म्हणत: १, १२१, १२३२१, १२३४३२१ आणि पुढे. फॉरवर्डमधली संख्या या रांगेतली नववी.

मला ही एकच संख्या हातात घेऊन दाखवायचं आहे, की मोठ्या संख्येचा 'स्वभाव' म्हणजे काय, तो कसा शोधतात, आणि बँकेच्या ॲपचा त्याच्याशी काय संबंध.

आधी ती वाचू तरी

सतरा अंक. रोजच्या हिशोबात आपण कोटीपाशी थांबतो. त्या भाषेत ही संख्या म्हणजे सुमारे १२३ कोटी कोटी. पण भास्कराचार्यांनी स्थानांची जी अठरा नावं दिली आहेत, त्यांत ती नीट बसते. अठरावं स्थान परार्ध, सतरावं मध्य. म्हणून वाचायचं: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शतक, दोन दशक आणि एक. मोठ्याने म्हणून बघा. आपल्या भाषेत एवढ्या मोठ्या संख्येच्या प्रत्येक पायरीला नाव आहे, याचा मला दर वेळी आनंद होतो.

हा आरसा कुठून आला?

१११ ला १११ ने शाळेतल्यासारखं गुणा. तीन ओळी येतात, तिन्ही १११ च्याच, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली.

नऊ डब्यांच्या नऊ लोकल शेजारशेजारच्या नऊ रुळांवर उभ्या आहेत आणि प्रत्येक गाडी आधीच्या गाडीपेक्षा एक डबा पुढे आहे, असं समजा. पुलावर उभं राहून एका टोकाकडून बघत गेलात, तर पहिल्या जागी एकच डबा दिसेल, मग दोन, मग तीन. मधोमध नऊच्या नऊ गाड्यांचे डबे एका रेषेत येतील आणि तिथून पुन्हा आठ, सात, सहा असे कमी होतील. गुणाकाराच्या उभ्या रांगांत तेच घडतं. म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१.

दहावी गाडी आणि प्रत्येक गाडीला दहावा डबा जोडला तर? मधल्या रांगेत १० येतात, हातचा पुढे जातो आणि नक्षी विस्कटते: १२३४५६७९००९८७६५४३२१. म्हणजे ही सुंदरता आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसते. तो आपल्या लिहिण्याचा गुण आहे. संख्येचा स्वतःचा गुण मात्र कशाही पद्धतीत लिहिली तरी टिकतो आणि तो असतो तिच्या पोटात.

पोटात काय आहे?

दोनच शब्द लागतील. जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३… (१ यात धरत नाहीत.) १ पेक्षा मोठी प्रत्येक पूर्ण संख्या एकतर मूळ असते, नाहीतर मूळ संख्यांचा गुणाकार असते. त्या मूळ संख्या म्हणजे तिचे मूळ अवयव.

गोड्या मसाल्यात धने, तीळ, खोबरं, दगडफूल असतं, तसे हे अवयव. फरक एवढाच, की मसाला घरोघरी वेगळा असतो आणि संख्येची पाककृती एकच असते. १२ कुणीही, कसंही फोडलं तरी २ × २ × ३ च येणार.

आपल्या संख्येला कशाने भाग जातो? सुरुवात नवापासून. अंकांची बेरीज करायची ही कसोटी सगळ्यांना पाठ असते, पण ती का चालते हे वर्गात फार थोड्या मुलांना सांगितलं जातं. दहाची नोट नऊ जणांत वाटा: प्रत्येकी १, उरला १. शंभराची वाटा: प्रत्येकी ११, उरला १. हजार: प्रत्येकी १११, उरला १. दहा, शंभर, हजार, दहा हजार, अशी कुठलीही नोट असो, उरतो एकच. म्हणजे मोठ्या रकमेत जितके अंक, तेवढ्या जातीच्या नोटा, आणि त्या जातीच्या नोटा किती ते तो अंक सांगतो. प्रत्येक नोटेमागे एक रुपया उरणार. आणि उरलेले सगळे रुपये म्हणजेच अंकांची बेरीज. तिला ९ ने भाग गेला की संपलं.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, म्हणून ९ ने भाग जातो. पण तिला थेट ८१ नेही भाग जातो. इथे घाई नको. बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जातो, असा नियम नाही; ९९८१ च्या अंकांची बेरीज २७ आहे आणि तिला २७ ने भाग जात नाही. इथे भाग जातो तो आपली संख्या वर्ग आहे म्हणून. १११११११११ ला ९ ने भाग जातो, तर तिच्या वर्गाला ९ च्या वर्गाने जाणारच.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं, आनंद देणारी. म्हणजे डोंबिवलीच्या नावाची ही संख्या हर्षदही आहे.

आता ३७. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि बेरीज करा: ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७. हे ९९९ च्या तिप्पट, आणि ९९९ म्हणजे २७ × ३७. हजारातून ९९९ गेले की १ उरतो, म्हणून ही युक्ती चालते. नवाच्या कसोटीचीच ही थोरली बहीण. ३७ ने भाग जातो.

खरं तर याहून सरळ रस्ता आहे. नऊ एक म्हणजे तिनाचे तीन गट, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. ही ३३३६६७ मूळ आहे, ती फुटत नाही. सगळं मिळून १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली सतरा अंकी संख्या याचा वर्ग, म्हणून तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. एवढी पाककृती कळली की बाकीचं सगळं हाताशी येतं. उदाहरणार्थ, तिला भाग जाणाऱ्या संख्या किती? ३ एकदाही न घेता किंवा चारपर्यंत घेऊन: पाच पर्याय. ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. एकही भागाकार न करता.

दिसण्यावरून स्वभाव कळतो का?

नाही. आणि याचा पुरावा इतका देखणा आहे, की मी तो तिला कागदावर लिहून दिला. आपल्या संख्येत मधल्या नवानंतर १० आणि ९ घाला. एक ते दहा चढायचं आणि परत उतरायचं:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

वीस अंक. तीच चढण, तीच उतरण. पण ही संख्या मूळ आहे. हिला कशानेच भाग जात नाही. पहिलीला पंचेचाळीस विभाजक, हिला फक्त दोन.

"पण बाई, सगळ्यांनी भागून कुणी पाहिलं?"

हा तिचा प्रश्न ठाणे सोडल्यावर आला आणि तो अगदी रास्त आहे. वीस अंकी संख्येला वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागायचं तर साडेतीनशे कोटींहून जास्त भागाकार होतील. संगणक तेही करील. पण शेकडो अंकांची संख्या असेल तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही.

त्यासाठी आडवाट आहे. १६४० साली फ्रान्समधले गणितज्ञ फर्मा यांनी सांगितलेला गुण असा: एखादी मूळ संख्या घ्या, तितक्या वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करा, त्यातून २ वजा करा, उत्तराला त्या मूळ संख्येने भाग जातोच. ७ घ्या. सात वेळा २ गुणले की १२८, वजा २, १२६. सात गुणिले अठरा म्हणजे १२६. भाग गेला. आता १५ घ्या. ३२७६८ वजा २ म्हणजे ३२७६६. १५ ने भागलं तर ६ उरतात. म्हणजे १५ मूळ नाही. इथे ३ आणि ५ ची नावंसुद्धा घ्यावी लागली नाहीत! घरात कुणीतरी आहे हे चपलांवरून कळावं, कोण आहे ते न कळता, तसं.

कसोटी उलट बाजूने पूर्ण भरवशाची नाही. ३४१ या कसोटीत पास होते, पण ती ११ × ३१ आहे. म्हणून गणिती याहून कडक कसोट्या वापरतात. मोठ्या संख्येचंही मूळपण नेमकं, झटपट आणि शंका न ठेवता ठरवणारी रीत असू शकते, हे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. जगभर बातमी झाली. आपल्याकडे याची आठवण अजून पुष्कळ जास्त वेळा काढायला हवी.

'कुणीतरी आहे' आणि 'कोण आहे' यांतलं अंतर किती मोठं असतं, याची एक खरी गोष्ट आहे. सदुसष्ट वेळा २ गुणून १ वजा केला की एकवीस अंकी संख्या मिळते: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ती मूळ नाही हे एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव कुणालाच सापडेनात. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल फळ्यापाशी गेले, एक शब्द न बोलता त्यांनी ती संख्या लिहिली, शेजारी १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला आणि जागेवर जाऊन बसले. दोन्ही उत्तरं सारखी होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वेळ लागला, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं म्हणतात: तीन वर्षांचे रविवार. फळ्यावरचा गुणाकार काही मिनिटांचा, अवयव शोधणं तीन वर्षांचं.

मसाला वाटायला सोपा, वेगळा करायला अवघड

आता बँक. १९७७ साली रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी या अंतराचंच कुलूप केलं. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात.

दोन प्रचंड मूळ संख्या निवडायच्या आणि गुणायच्या. गुणाकार जगजाहीर करायचा, दोन्ही अवयव लपवून ठेवायचे. गुणाकार म्हणजे उघडं टाकलेलं, दाबून बंद होणारं कुलूप: तुमचा निरोप पेटीत ठेवून कुणीही ते बंद करू शकतं. उघडायला मात्र अवयव हवेत. बँकेच्या संकेतस्थळाशी तुमचा फोन बोलतो, तेव्हा अनेक ठिकाणी हीच व्यवस्था कामाला असते. काही ठिकाणी वक्ररेषांच्या गणितावरची दुसरी रीत असते, पण तिचंही मर्म तेच: जाणं सोपं, परत येणं दुष्कर.

हे कुलूप सामान्य वाचकांसमोर पहिल्यांदा आणलं मार्टिन गार्डनर यांनी, १९७७ मध्ये, सायंटिफिक अमेरिकन या विज्ञान मासिकातल्या आपल्या सदरात. त्याच सदरात १९७५ मध्ये त्यांनी देवळालीच्या कापरेकर मास्तरांवर लिहिलं होतं आणि त्यांची जगाला ओळख करून दिली होती. मला हा योग फार जवळचा वाटतो.

गार्डनर यांच्या लेखात १२९ अंकांची एक संख्या कोडं म्हणून दिली होती. १९९४ मध्ये इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांच्या संगणकांनी ती फोडली. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. म्हणून आज नेहमीच्या वापरातल्या संख्या ६१७ अंकी असतात. तेवढी, नीट निवडलेली संख्या आजवर कुणी फोडलेली नाही.

मग डेम्लोसारखी छान संख्याच का नाही घेत?

कारण ती छान आहे. १११११११११ आपण कागदावर फोडली ना? तिची नक्षीच फटीसारखी उपयोगी पडली. कुलपासाठीचे अवयव यदृच्छेनेच, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे, निवडावे लागतात, कसलाही मागमूस न ठेवता.

निवड नीट झाली नाही तर काय होतं, हे २०१२ मध्ये दिसलं. संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर संख्या गोळा केल्या. त्यांतल्या हजारो संख्यांचा एक मूळ अवयव दुसऱ्या कुठल्यातरी संख्येशी सामाईक निघाला, कारण काही यंत्रं यदृच्छा निवडीत कमी पडत होती. आणि सामाईक अवयव शोधायला फोडाफोड करावीच लागत नाही. सहावीतला मसावि पुरतो.

८६३३ आणि ९७९७ घ्या. अवयव ओळखायला वेळ लागेल. पण भागत चला: ९७९७ ला ८६३३ ने भागलं की ११६४ उरतात, ८६३३ ला ११६४ ने भागलं की ४८५, ११६४ ला ४८५ ने, १९४, ४८५ ला १९४ ने, ९७, आणि १९४ ला ९७ ने भाग जातो. मसावि ९७. दोन्ही कुलपं एकदम उघडली: ८९ × ९७ आणि ९७ × १०१. सहाशे अंकी संख्यांनाही संगणक हेच डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. 'मसावि कशाला शिकायचा' असं विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आता हे सांगते.

संगणक वेगवान होताहेत. आपले पैसे?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आतापर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. १३,६२,७९,८४१ वेळा २ गुणून १ वजा. अंक चार कोटी दहा लाखांवर. त्याने बँकेला धोका नाही आणि उपयोगही नाही. जगाला ठाऊक असलेली संख्या गुप्त अवयव होऊच शकत नाही.

धोका दुसरीकडून आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की क्वांटम संगणक (अणूंच्या पातळीवरचे नियम वापरून चालणारा) पुरेसा मोठा आणि बिनचूक झाला, तर अवयव शोधणं त्याला सोपं जाईल. असा संगणक आज नाही. पण आज चोरून साठवलेला निरोप उद्या उघडता येतो, म्हणून तयारी आत्ताच चालू आहे. अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या कुलपांची मानकं अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केली. भारतानेही २०२३ मध्ये ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं आहे. तुमच्या-माझ्या हातात यातलं एवढंच: फोन आणि बँकेचं ॲप अद्ययावत ठेवायचं. नवी कुलपं त्याच वाटेने येणार आहेत.

फक्त एकांच्या संख्या

भायखळा आलं तेव्हा तिने मला शेवटचं विचारलं: नऊ एक फुटतात, मग न फुटणारे एक असतात का?

असतात. ११ मूळ आहे. त्यानंतर १११ फुटते, ११११ फुटते, १११११ म्हणजे ४१ × २७१. एकांची मोजणीच जर फुटणारी असेल, नवासारखी, तर संख्या फुटतेच. नऊ एकांना तीन-तीनच्या गटांत आपण तसंच फोडलं. उरल्या मूळ मोजण्या, पण त्याही बहुतेक दगा देतात: सात एक म्हणजे २३९ × ४६४९. ११ नंतर थेट एकोणीस एकांची संख्या मूळ निघते, मग तेवीस, मग ३१७, मग १०३१. अशा संख्या कुठेतरी संपतात की कधीच संपत नाहीत, हे आजही जगात कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

सीएसएमटीला उतरताना तिने फॉरवर्डखाली उत्तर टाइप केलं. "खरं आहे. डोंबिवलीची आहे. ३७ ने भागून बघा."